स्वेटर बाळाच्या अंगावर जाण्याआधी

दिवाळी सरली, की जुन्नर आणि आंबेगावच्या सरकारी दवाखान्यांत दोन गोष्टी दरवर्षी ठरल्याप्रमाणे सुरू होतात. पहिली ही तक्रार असते. 'डॉक्टर, याला लोकर सोसत नाही, अंगावर पुरळ येते.' दुसरी कोणी बोलून दाखवत नाही, ती नाकाला कळते. सहा-सात दिवसांचे बाळ स्वेटर, टोपी, मोजे आणि वरून शालीत गुंडाळून आणलेले असते आणि त्या सगळ्या गाठोड्याला डांबरगोळीचा वास येत असतो. पहिल्या गोष्टीने सहसा कोणाचे मोठे नुकसान होत नाही. दुसरीने बाळाचा मेंदू कायमचा अधू होऊ शकतो, क्वचित जीवही जातो. लोक मात्र पहिलीचीच काळजी करतात.

दोन्हींचा उलगडा होण्यासाठी मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर आपल्या अंगावर येईपर्यंत तिच्यावर काय काय संस्कार होतात, हे थोडे पाहायला हवे.

लोकर म्हणजे केसच. आपल्या केसांसारखीच ती केराटिन या प्रथिनाची बनलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर लोकरीच्या तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे एकावर एक बसलेले खवले दिसतात. सगळ्यांचे टोक एकाच दिशेला. ओलावा, ऊब आणि चोळणे हे तिन्ही एकत्र आले, की तंतू एकमेकांत सरकतात, खवले अडकतात आणि मग ते मागे येत नाहीत. आजोबांचा स्वेटर गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासला, की तो नातवाच्या मापाचा होतो, त्याचे कारण हेच. ज्याला आपण 'आटला' म्हणतो, तो खरे तर घट्ट विणला जाऊन दाट झालेला असतो. घोड्याच्या पाठीवर टाकायचे जेन आणि जुन्या घरांतले बुरणूस हे या गुणाचा मुद्दाम उपयोग करूनच तयार होत. तिथे विणकाम नाहीच; लोकर पसरायची, भिजवायची आणि दाबून, लाटून, मळून एकजीव करायची.

घोंगडीची रीत वेगळी. आपल्याकडे पावसाळा संपला, की धनगरांचे वाडे मेंढ्या घेऊन या भागात उतरतात, कापणी झालेल्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवतात. ही दख्खनी मेंढी. तिची लोकर आखूड, राठ आणि बहुतेक काळी. ती कातरून, पिंजून, सूत काढून सणगर मागावर घोंगडी विणतात. राठ सूत मागावर तुटू नये म्हणून ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही चिकट पेज सुतावर वाळली, की बारीक सुटे तंतू बसून जातात. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक लागते, ती या खळीमुळे. वापरून आणि धुऊन ती मऊ पडते. जाता जाता सांगतो, चिंचोक्यातली हीच चिकट शर्करा शुद्ध करून कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांतही वापरतात. ती पाणी धरून ठेवते आणि डोळ्याच्या ओल्या पृष्ठभागाला चिकटून राहते.

घोंगडीची लोकर गिरणीतल्यासारखी साबण-सोड्याने खळखळून धुतलेली नसते. त्यामुळे मेंढीच्या अंगचा मेणासारखा स्निग्ध पदार्थ तिच्यात बराचसा टिकून राहतो. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात, भीमाशंकरच्या पावसात, घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन माणसे भातलावणी करत आली, त्यामागे हे मेण आहे. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा हवेतून शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. भिजलेली सुती चादर अंगाला चिकटून गारठवते, भिजलेली घोंगडी तितकी गारठवत नाही.

घोंगडीवर झोपल्याने मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, अर्धांगवायू बरा होतो, असे हल्ली जाहिरातींत लिहिलेले असते. तसे काही होत नाही. जमिनीवरच्या गारव्यापासून ती पाठ वाचवते, हे पुरेसे मोठे काम आहे. तिच्या नावावर बाकीचे खपवण्याची गरज नाही. घोंगडी घेतली म्हणून गोळ्या बंद करू नका.

आता स्वेटर. विणलेल्या कपड्याचा बरावाईटपणा सुईवर जितका ठरतो तितकाच सुईवरून उतरल्यावर ठरतो, आणि प्रत्येक लोकरीला वेगळी वागणूक लागते. कोकराच्या मऊ लोकरीचा किंवा शेटलंडचा स्वेटर यंत्रावर विणून झाला, की तेलकट, सैल आणि जाळीदार दिसतो. मग तो कोमट साबणाच्या पाण्यात मोजून काही मिनिटे घुसळतात. वर सांगितलेले आटणेच, पण हातात लगाम ठेवून. तंतू फुलतात, टाके झाकले जातात, बारीक लव येते. मिनिटे जास्त झाली तर माल वाया. काश्मिरी पश्मिन्यासारख्या तलम तंतूला याहून हलका हात. मोहेअरला वरून ब्रश फिरवून त्याचे लांब तंतू उभे करतात. आयर्लंडच्या कोळ्यांचे जाडे स्वेटर पूर्वी मेण न काढलेल्या लोकरीचेच असत, म्हणजे आपल्या घोंगडीचे चुलतभाऊ. मेरिनोच्या 'मशीनमध्ये धुता येते' अशा स्वेटरवर आणखी एक प्रक्रिया असते. क्लोरीनने खवल्यांच्या कडा बोथट करतात आणि वर पॉलिमरचा अतिशय पातळ थर देतात. खवले अडकेनासे झाले, की आटणे थांबते. शेवटी वाफ देऊन कपडा मापात बसवतात. घरी विणलेल्या स्वेटरला यातले एकच होते आणि तेही बऱ्याच जणी टाळतात: टाके बंद केल्यावर एकदा कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, टॉवेलवर सपाट पसरून वाळवणे. रिठ्याचे पाणी त्यासाठी उत्तम. डाग काढणारी एन्झाइमची पावडर मात्र नको. ती प्रथिनांचे डाग खाते आणि लोकर हे प्रथिनच आहे.

आपल्या बाजारात 'लोकर' म्हणून मिळणारे रंगीबेरंगी गुंडे बहुधा लोकरीचे नसतातच, ते ॲक्रिलिक असते. ओळखायचे असेल तर एक धागा चिमट्यात धरून, घराबाहेर, काडीने पेटवून पाहा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती बहुधा विझते आणि राख बोटाने चुरता येते. ॲक्रिलिक वितळत पेटते आणि मागे कडक काळा मणी राहतो. हा फरक रुग्णालयात आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. थंडीत शेकोटीशी आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीशी कृत्रिम धाग्याचा स्वेटर घालून बसलेल्या माणसाचा कपडा पेटला, तर तो वितळून कातडीला चिकटतो आणि भाजणे खोलवर जाते. शेगडीच्या धुराचा बंद खोलीतला धोका वेगळाच आहे, तो पुन्हा कधीतरी.

तर 'लोकर सोसत नाही' म्हणजे काय? बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते. तंतू साधारण ३० मायक्रॉनहून जाड असेल, तर त्याचे टोक वाकत नाही, ते कातडीत रुतते आणि वेदना जाणणाऱ्या बारीक मज्जातंतूंना टोचते. तलम तंतू वाकून जातो. स्वेटरमध्ये असे जाड तंतू शेकडा पाचाच्या आसपास असले, तरी टोचणे जाणवायला पुरते. घाम आला, की कातडी मऊ होऊन ते आणखी वाढते. घोंगडी टोचते ती यामुळे. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची घोंगडी मऊ आणि महाग असते तीही यामुळेच. २०१७ मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी इसब असलेल्या तीन वर्षांखालील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिशय तलम मेरिनोचे कपडे घातलेल्या काळात त्यांचा इसब सुती कपड्यांच्या काळापेक्षा कमी दिसला. म्हणजे दोष लोकरीच्या जातीचा नाही, जाडीचा. मेंढीच्या मेणाची खरी ॲलर्जी काहींना असते, पण ती थोड्यांना. त्यामुळे उपाय साधा आहे: आत सुती झबले, वर स्वेटर. गळ्याशी आणि मनगटाशी लोकर थेट कातडीला लागू द्यायची नाही.

त्या मेणाविषयी एक गंमत. गिरणीत लोकर धुताना निघणारे हे मेण म्हणजे लॅनोलिन. स्तनाग्रांना चिरा पडलेल्या मातांना जे मलम देतात, त्यात बहुधा हेच असते. त्यातल्याच कोलेस्टेरॉलवर रासायनिक प्रक्रिया करून, अतिनील किरण देऊन 'ड' जीवनसत्त्व तयार करतात. आठवड्याला एक म्हणून दुधात घालून घ्यायची ६०,००० युनिटची जी पुडी आपण घेता, तिचे मूळ बहुतेक वेळा एखाद्या मेंढीच्या पाठीवर असते.

आता डांबरगोळी.

लोकरीला कसर लागते. कसर म्हणजे एका लहान पतंगाची अळी. केराटिन पचवू शकणारे प्राणी फार थोडे, त्यातली ही एक. स्वच्छ लोकरीपेक्षा घामाचे, दुधाचे, अन्नाचे डाग असलेली लोकर तिला जास्त मानवते. थंडी संपल्यावर स्वेटर तसाच, न धुता पेटीत टाकायचा आणि वर मूठभर डांबरगोळ्या टाकून झाकण लावायचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. मोठ्या नातवासाठी आजीने विणलेला स्वेटर तीन-चार वर्षांनी धाकट्याच्या बारशाआधी त्या पेटीतून निघतो आणि त्याच दिवशी बाळाच्या अंगावर चढतो. त्या स्वेटरमागचे प्रेम मला कळते. म्हणूनच हे लिहितो आहे.

डांबरगोळी बहुधा नॅप्थलीनची असते. हा पदार्थ न वितळता थेट वाफ होतो. गोळी झिजत झिजत नाहीशी होते ती अशी. ती वाफ लोकरीच्या तंतूंत मुरते. बाळ ती श्वासातून घेते, कातडीतूनही ती आत जाते. नॅप्थलीन तेलात विरघळते. आपल्याकडे बाळाला तेल लावून, शेकून, मग स्वेटर घालतात, त्यामुळे कातडीतून आत जाण्याची वाट अधिकच मोकळी होते. शरीरात गेल्यावर यकृत त्याचे अशा पदार्थांत रूपांतर करते, की जे रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात. अशा हल्ल्यापासून पेशीला वाचवणारी यंत्रणा चालू ठेवायला एक विकर लागते. त्याचे लांबलचक नाव ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, आम्ही जीसिक्सपीडी म्हणतो. ज्यांच्यात ते जन्मतःच कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनच्या संपर्कानंतर भराभर फुटतात.

जगात सुमारे ४० कोटी लोकांत हे विकर कमी असल्याचा अंदाज आहे. हिवताप जिथे पिढ्यान्‌पिढ्या होता, त्या प्रदेशांत ही उणीव जास्त आढळते, कारण तिने हिवतापापासून थोडे संरक्षण दिले. आपल्या देशात वेगवेगळ्या समाजांत तिचे प्रमाण खूप वेगळे आहे आणि काही आदिवासी समाजांत ते जास्त सापडले आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात काम करणाऱ्या आम्हा डॉक्टरांना ते लक्षात ठेवावेच लागते. पण हा कोणा एका जातीजमातीचा आजार समजू नये. उणिवेचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून मुलांना त्रास जास्त होतो. आई बहुधा वाहक असते आणि तिला स्वतःला काहीच जाणवलेले नसते. एरवी या व्यक्ती अगदी धडधाकट असतात. त्यामुळे घरात कोणालाच याचा पत्ता नसतो, आणि जन्मल्या जन्मल्या ही तपासणी सगळीकडे होत नाही.

पहिल्या आठवड्यात बाळ थोडे पिवळे होणे सामान्य आहे. पूर्ण दिवसांच्या दहा बाळांपैकी सहांमध्ये ते दिसते आणि आपोआप ओसरते. नवजात यकृताला पिवळे द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, बाहेर टाकण्याचे काम अजून नीट जमत नसते. त्यात तांबड्या पेशी झपाट्याने फुटल्या, तर बिलिरुबिनचा पूर येतो आणि ते मेंदूत शिरते. बहिरेपणा, ताठरलेले हातपाय, आयुष्यभराचे परावलंबित्व, असे नुकसान मग भरून येत नाही.

हे नवीन संशोधन नाही. १९६३ मध्ये ग्रीसमधल्या डॉक्टरांनी अशा २१ तान्ह्या बाळांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या १९ बाळांच्या अंगाला डांबरगोळीत ठेवलेला कपडा थेट लागलाही नव्हता. गोळ्यांत ठेवलेल्या लोकरी वस्तू त्याच खोलीत होत्या, वाफ पुरेशी झाली. आठ बाळांच्या मेंदूला इजा झाली आणि दोन दगावली. २१ पैकी १० बाळांतच विकराची कमतरता सापडली होती. म्हणजे 'आमच्यात ते नाही' एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. युरोपीय संघाने २००८ मध्ये नॅप्थलीनच्या गोळ्यांची विक्री बंद केली. आपल्याकडे त्या किराणा दुकानात पारदर्शक पिशवीत, खडीसाखरेसारख्या दिसणाऱ्या, अजून मिळतात. रांगते मूल ती गोळी तोंडात घालते तेव्हा धोका आणखी मोठा. काही गरोदर बायकांना या वासाचे डोहाळे लागतात, गोळी चाटलीही जाते. ते पोटातल्या बाळापर्यंत पोचते. लाजू नका, तपासणीला आल्यावर सांगा.

मग करायचे काय? तान्ह्या बाळाच्या कपड्यांजवळ डांबरगोळी ठेवायचीच नाही, हे पहिले. बाळ येणार असलेल्या घरातल्या पेट्या, कपाटे, गाद्यांच्या ढिगातूनही त्या काढून टाकाव्यात, कारण बाळंतिणीची शाल आणि दुपटी तिथेच असतात. वासाचा कपडा आधीच असेल, तर तो धुवावा आणि मोकळ्या हवेत, उन्हात काही दिवस ठेवावा. सकाळी दोरीवर टाकून संध्याकाळी घालायचा नाही. मोजायचे माप एकच: नाकाशी धरल्यावर वास अजिबात येता कामा नये. येत असेल तर हा हिवाळा तो स्वेटर पेटीबाहेरच राहू द्या, बाळाला सुती कपडे आणि नवे दुपटे पुरे.

थंडीचे काय, असे आजी विचारतात, आणि विचारणे रास्त आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची पहाट बोचरी असते आणि नवजात बाळ गार पडणे हाही खरा धोका आहे. पण बाळाला ऊब देणारे सगळ्यांत चांगले साधन म्हणजे आईचे अंग. बाळ उघडे, आईच्या उघड्या छातीवर, वरून दोघांना मिळून घोंगडी किंवा रजई, आणि बाळाचा चेहरा मोकळा. कमी वजनाच्या बाळांना आम्ही रुग्णालयात हेच करतो. घरीही चालते. वडिलांनी केले तरी चालते.

कसरीसाठी धुणे आणि ऊन यांवर माझा सगळ्यांत जास्त भरवसा आहे. थंडी संपली, की स्वेटर धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद होणाऱ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरावेत आणि मधून एकदा काढून झटकून ऊन द्यावे. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर ठेवा, पण न धुतलेल्या कपड्यांत तो ठेवून फायद्याची अपेक्षा करू नका. डांबरगोळीऐवजी कापूर चालेल का, असेही विचारतात. लहान मुलांच्या घरात तोही नको. कापराचा लहानसा तुकडा पोटात गेला तरी मुलाला झटके येतात.

बाळ पहिल्या चोवीस तासांतच पिवळे दिसले, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला, बाळ पिईना, सुस्तावले, चिरक्या आवाजात रडू लागले, फिकट पडले किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर ऊन दाखवत घरी बसू नये. आशाताई घरी बाळाला पाहायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येतात. त्यांना बाळ उजेडात, कपडे काढून दाखवा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि ने-आण मोफत आहे. वेळेत आलेल्या बहुतेक बाळांना निळ्या प्रकाशाखाली ठेवून भागते, फार वाढले तर रक्त बदलावे लागते. विकराची तपासणी पेशी फुटत असताना केली, तर कधी कधी निकाल खोटा चांगला येतो, म्हणून ती सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा करायची असते. त्यासाठी जरूर या. उणीव निघाली, तर तो कागद जपून ठेवा आणि पुढे प्रत्येक डॉक्टरला दाखवा. हिवतापावरची प्रायमाक्विनसारखी काही औषधे त्या व्यक्तीला सरसकट देता येत नाहीत.

आणि पिवळे बाळ घेऊन येताना अंगावरचा वासाचा स्वेटर घरी उतरवून या, पण तो घातला होता हे आम्ही विचारायची वाट न पाहता सांगा. किती दिवस घातला, आणि पेटीत गोळ्या कधीपासून होत्या, तेही.